कोण थांबलंय, ते यादीत दिसायला हवं

गेल्या श्रावणात एका लेखिकेचा फोन आला. "ताई, कथेचं तुम्ही काहीच कळवलं नाहीत. घ्यायची नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे देईन." मला धस्स झालं. कथा घेतलेली होती. मला ती मनापासून आवडली होती. मी दोन शंका विचारल्या होत्या आणि त्यांची उत्तरं तिने बावीस दिवसांपूर्वीच पाठवली होती. मेल माझ्या पेटीत होता, मी तो उघडून वाचलाही होता. वाचल्याबरोबर त्याचा ठळकपणा गेला, मग त्याच्या डोक्यावर प्रेसचे, जाहिरातींचे, बँकेचे मेल चढत गेले आणि तो खाली सरकत सरकत तिसऱ्या पानावर जाऊन बसला. तिकडे ती बाई रोज फोन उघडून बघत होती.

मी दिवाळी अंकांचं मुद्रितशोधन आणि संपादनाचं काम करते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत माझं सगळं काम मेलवर चालतं. कथा येतात, दुरुस्त्या जातात, चित्रकार नमुने पाठवतात, प्रेसमधून पानं येतात. त्या फोननंतर मी ठरवलं की माझ्या उत्तरासाठी कोण थांबलंय, हे यादीकडे बघितल्याबरोबर कळलं पाहिजे. मेल उघडल्यावर कळून उपयोग नाही.

माझा भाचा सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स त्यानेच घालून दिलं होतं. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, तू नीओमट वापर. यादीतली प्रत्येक ओळ कशी दिसावी, ते तुलाच ठरवता येतं." नीओमट म्हणजे टर्मिनलमध्ये, काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालणारा मेलचा प्रोग्रॅम. मूळ प्रोग्रॅम मट, तो मायकेल एल्किन्स यांनी १९९५मध्ये लिहिला. त्यावर वर्षानुवर्षं लोकांनी केलेल्या सुधारणा एकत्र करून २०१६मध्ये रिचर्ड रसन यांनी नीओमट उभा केला. यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत, माऊस लागत नाही. माझे सगळे मेल आता आधी लॅपटॉपवर उतरतात, प्रत्येक मेल स्वतंत्र फाइल म्हणून, आणि मग नीओमट ते दाखवतो.

पहिल्या दिवशी यादी उघडली तेव्हा ओळीत आधी क्रमांक होता, मग खुणांसाठी तीन घरं, मग इंग्रजी महिना आणि तारीख, मग पाठवणाऱ्याचं नाव, कंसात एक आकडा आणि शेवटी विषय. मी सवयीप्रमाणे घरं मोजली. ८० घरांच्या ओळीतली ३९ घरं विषय सुरू व्हायच्या आधीच संपत होती. त्यात कंसाने आणि त्यातल्या आकड्याने सहा घेतली होती. हा आकडा कशाचा, ते मला दोन दिवस कळेना. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "खरं म्हणजे तिथे मेलमधल्या ओळींची संख्या यायची असते. पण तुझ्यासारखी एकेक मेल वेगळी फाइल असली की ती संख्या बरेचदा मिळत नाही. मग तिच्याऐवजी मेलचा आकार दाखवतो." म्हणजे माझ्या ओळीतली सहा घरं मला कधीच नको असलेल्या माहितीच्या जागी बसलेल्या दुसऱ्या नको असलेल्या माहितीने अडवली होती.

ही ओळ ठरते 'इंडेक्स फॉरमॅट' नावाच्या एका सेटिंगने. ते एक लांब वाक्य असतं, आणि त्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याच्यापुढे एखादं इंग्रजी अक्षर अशा जोड्या असतात. टक्का आणि छोटा एस म्हणजे विषय. टक्का आणि मोठा झेड म्हणजे खुणांची तीन घरं. टक्का आणि छोटा सी म्हणजे आकार. इथे छोट्या-मोठ्या अक्षरांनी अर्थ बदलतो: मोठा सी म्हणजे यादीतला क्रमांक. टक्का आणि अक्षर यांच्यामध्ये आकडे घालता येतात. नावासाठी तिथे 'उणे १५, टिंब, १५' असं लिहिलेलं होतं. पहिला १५ म्हणजे निदान इतकी घरं धरून ठेव, टिंबानंतरचा १५ म्हणजे त्यापेक्षा जास्त घेऊ नकोस, आणि उणे म्हणजे मजकूर डावीकडे लावून घे. ज्या दिवशी हे मला समजलं, त्या दिवसापासून ते वाक्य मला पानाच्या मांडणीच्या सूचनांसारखं वाचता यायला लागलं. स्तंभाची रुंदी, समास, डावी बाजू: हे तर मी आयुष्यभर करत आलेय.

आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडली. सेटिंगच्या फाइलला हात न लावता यादीतच विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं दाबली की खाली आज्ञा लिहायला जागा मिळते. तिथे नवं वाक्य लिहून एंटर दाबलं की यादी त्याच क्षणी नव्या रूपात दिसते. मी पहिल्या आठवड्यात असे पंचवीस-तीस प्रयोग केले असतील. आवडलं तेवढंच फाइलमध्ये उतरवलं.

भाच्याने सुरुवातीलाच एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. "मावशी, आधी कागद घे. तुला नजरेला आधी काय पडायला हवं, मग काय, ते ओळीने लिही. अक्षरं नंतर शोधू." मी लिहिलं: माझ्या उत्तरासाठी थांबलाय का, सोबत फाइल आहे का, कधीचा आहे, कोणाचा आहे, कशाबद्दल आहे. क्रमांक त्यात नव्हताच, आकारही नव्हता. दोन्ही काढले.

खुणांच्या तीन घरांत मला आधी फारसं काही दिसलं नव्हतं. नवीन मेलला इंग्रजी एन, उत्तर दिलेल्याला छोटा आर, एवढंच मी बघत होते. तिसऱ्या घरातला अधिकचा '+' मी दुर्लक्षिला होता, आणि तोच माझ्या सगळ्यात कामाचा निघाला. मेल फक्त मला एकटीला आलेला असेल तर तिथे '+' येतो. मला आलाय पण सोबत इतरही आहेत, तर इंग्रजी टी. नुसती प्रत म्हणून माझं नाव घातलेलं असेल तर सी. माझा स्वतःचाच असेल तर एफ. लेखक-लेखिकांचे मेल जवळजवळ सगळे '+'चे असतात, आणि प्रेस, जाहिरात, वितरण यांचे बहुतेक मेल सी किंवा टीचे. ही विभागणी प्रत्येक ओळीत आधीपासून होती, मी फक्त ती वाचत नव्हते.

अर्थात काही '+' गायब होते. माझे पत्ते दोन. जुन्या पत्त्यावर अजूनही बरेच लेखक लिहितात, आणि तो पत्ता माझाच आहे हे प्रोग्रॅमला माहीत नव्हतं. 'ऑल्टरनेट्स' म्हणून एक ओळ असते, तिच्यात आपले इतर पत्ते सांगायचे. ती घातल्याबरोबर यादीत डझनभर '+' उगवले. ज्येष्ठ लेखक जुन्याच पत्त्यावर लिहितात, तेव्हा ही ओळ राहिली असती तर सगळ्यांत आधी त्यांच्याकडेच दुर्लक्ष झालं असतं.

मग मला वाटलं, खुणा मराठीत का असू नयेत? नीओमटमध्ये त्यासाठी 'फ्लॅग कॅर्स' नावाची सेटिंग आहे. त्यात अकरा जागा असतात आणि प्रत्येक जागेचा अर्थ पक्का असतो: निवडलेला, महत्त्वाचा, काढून टाकलेला, जोडफाइल काढून टाकलेला, उत्तर दिलेला, जुना, नवा, आणि पुढे धाग्याच्या (म्हणजे एका मेलला जोडलेल्या उत्तरांच्या) आणि वाचलेल्या मेलच्या खुणा. मी नव्याला 'न', जुन्याला 'ज', उत्तर दिलेल्याला 'उ', काढलेल्याला 'र' असं ठरवलं. लिहिताना चौथी जागा, म्हणजे जोडफाइल काढल्याची, मी सोडून दिली. ती मला कधी लागत नाही, असं वाटलं. यादी उघडली तर उत्तर दिलेल्या मेलपुढे 'ज' आणि जुन्या मेलपुढे 'न'! चौथ्या जागेनंतरची सगळी अक्षरं एकेक घर आधीच्या जागेवर सरकली होती. दहा मिनिटं मी घाबरून बसले होते, कारण मला वाटलं की मेल पुन्हा न वाचलेले झाले. मेलना काहीच झालं नव्हतं, नुसती पाटी बदलली होती. चौथ्या जागी इंग्रजी डी परत घातला आणि सगळं ठिकाणावर आलं. तसंच, एका जागी एकच सुटं अक्षर लागतं. 'नी' लिहिलं तर 'न' एक जागा घेतो आणि वेलांटी पुढची.

जोडफाइलचं तेवढंच महत्त्वाचं. "सोबत कथा जोडली आहे" असं लिहून फाइल जोडायला विसरणारे लेखक दर आठवड्याला भेटतात. त्यांना वाटतं कथा पोचली, मला वाटतं अजून यायची आहे. टक्का आणि मोठा एक्स या जोडीने मेलमध्ये किती फाइली जोडल्यात तो आकडा येतो. मात्र कोणत्या प्रकारच्या फाइली मोजायच्या, ते आधी वेगळ्या ओळींत सांगावं लागतं. शून्य असेल तेव्हा शून्य न दिसता जागा रिकामी राहावी, म्हणून मी तिथे अट घातली. 'असेल तर हे, नसेल तर ते' असं लिहायची सोय या वाक्यात आहे. फाइली मोजण्यासाठी प्रोग्रॅमला प्रत्येक मेल आतून उघडून बघावा लागतो, त्यामुळे पान पुढे सरकवताना क्षणभर अडखळल्यासारखं होतं. मेल लॅपटॉपवरच उतरलेले असल्याने तेवढं चालतं. त्याच दिवशी संध्याकाळी एक ओळ दिसली. विषय होता 'दिवाळी अंकासाठी कथा सोबत', आणि फाइलीचं घर रिकामं. मेल न उघडताच मी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "अरे देवा, राहिलीच की." दहा मिनिटांत कथा आली.

तारखेने मला बराच काळ चकवलं. माझी मोठी बहीण न्यू जर्सीत असते, ती दरवर्षी एक ललित लेख देते. तिचा मेल मी सकाळी पावणेआठला ताजा ताजा वाचला, आणि यादीत त्याच्यापुढे कालची तारीख होती. सुरुवातीच्या वाक्यात तारीख महिरपी कंसात लिहिलेली असते, आणि महिरपी कंसाचा अर्थ पाठवणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे. तिथे उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. तिने रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी पाठवलं, तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सात-चाळीस झालेले होते. महिरपी कंसाच्या जागी चौकटी कंस घातला की तीच वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे दिसते. एका कंसाचा फरक! मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला याचं नवल वाटू नये, पण मला वाटलं.

नंतर मी तारखेत जरा जास्तच कलाकुसर केली. 'इंडेक्स फॉरमॅट हुक' म्हणून एक सोय आहे, तिच्यामुळे मेल किती जुना आहे त्याप्रमाणे तारखेचं रूप बदलता येतं. एक दिवसाच्या आतला असेल तर नुसती वेळ, महिन्याच्या आतला असेल तर वार आणि तारीख, वर्षाच्या आतला असेल तर तारीख-महिना, त्याहून जुना तर महिना-वर्ष. दिसायला फार छान दिसत होतं. पण 'एक दिवसाच्या आत' यासाठी मी आत्तापासून मागे चोवीस तास मोजायला सांगितलं होतं. काल रात्री दहाला आलेला मेल आज सकाळी नुसता '२२:१०' असा दिसायचा, आणि सकाळच्या घाईत ती वेळ कोणत्या दिवसाची याचा विचार करावा लागायचा. शिवाय यंत्राची भाषा मराठी केलेली असल्यामुळे महिन्यांची नावं देवनागरीत यायला लागली, आणि 'मे' काही 'ऑगस्ट'च्या रुंदीचा नाही. आठ दिवसांत मी ते सगळं काढलं. आता सगळ्या मेलना तारीख, महिना आणि वेळ, नुसत्या आकड्यांत: '१२/०८ ०७:४०', अकरा घरं. फक्त वर्षापेक्षा जुने असतील तर वेळेऐवजी वर्ष. आकड्यांची रुंदी कधी बदलत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

रुंदीचाच प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत राहिला, आणि तो फक्त आपल्या लिपीमुळे येतो, म्हणून सविस्तर सांगते.

टर्मिनल म्हणजे चौकटीचा कागद. प्रत्येक अक्षराला एक घर. इंग्रजीला हे जमतं. देवनागरीत 'श्रीकृष्ण' लिहिलं की आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: श्री, कृ, ष्ण. यंत्राच्या हिशोबात मात्र श, हलन्त, र, वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण असे नऊ तुकडे. हलन्त आणि ऋकार शून्य घरांचे, बाकीचे एकेक घराचे, म्हणजे एकूण सहा घरं. नीओमट सहा घरं धरून नावाच्या स्तंभात उरलेली जागा भरतो. आता टर्मिनल काय करतं? माझ्याकडच्या पहिल्या टर्मिनलने घरांचा हिशोब काटेकोर पाळला, पण जोडाक्षरं मोडली. 'श्री'च्या जागी पाय मोडका श आणि शेजारी री, 'ष्ण'च्या जागी पाय मोडका ष आणि शेजारी ण. दिवसभर लोकांची जोडाक्षरं दुरुस्त करणाऱ्या माणसाला अशी यादी रोज बघणं शक्य नव्हतं. माझं डोकं दुखायला लागलं, हे शब्दशः खरं आहे. मग भाच्याने दुसरं टर्मिनल घालून दिलं. त्यात जोडाक्षरं सुरेख जुळतात, पण जुळल्यावर ती कमी जागेत मावतात, आणि ओळीतला पुढचा सगळा मजकूर डावीकडे सरकतो. म्हणजे एकात अक्षर मोडतं, दुसऱ्यात स्तंभ मोडतो.

मी अक्षर निवडलं. त्याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही.

मग स्तंभ वाचवायचे कसे? आधी मी फाइलींचा आकडा ओळीच्या अगदी उजव्या टोकाला नेऊन बघितला होता. टक्का आणि '>' असं लिहिलं की पुढचा मजकूर उजव्या कडेला जाऊन चिकटतो. इंग्रजी विषयांच्या ओळींत तो सरळ रेषेत उभा राहिला, मराठी विषयांच्या ओळींत मात्र प्रत्येक जोडाक्षरागणिक आत सरकला. उजवी कड करवतीसारखी झाली. त्यावरून उपाय सुचला: देवनागरीच्या उजवीकडे सरळ रेषेत राहायला हवं असं काही ठेवायचंच नाही. खुणा, फाइलींचा आकडा, तारीख, वेळ ही ठरलेल्या रुंदीची सगळी माणसं डावीकडे आधी उभी करायची, मग नाव, मग विषय. एकोणीस घरांत पहिली चार कामं आटोपली. नावाला चौदा घरं आणि एक मोकळं. विषयाला ४६ घरं मिळाली, आधीपेक्षा पाच जास्त.

नाव आणि विषय यांच्यामधली हलचल उरली. तिथे 'रिव्हर्स अलायस'ची मदत झाली. आपल्या पत्त्यांच्या वहीत आपण ज्याला जे नाव दिलंय, तेच नाव यादीत दाखवायचं, पाठवणाऱ्याने काय लावलंय ते बघायचं नाही. कोणी सगळं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लावतं, कोणी नुसता फोनचा मॉडेल नंबर, एका कवींचा मेल त्यांच्या सुनेच्या नावाने येतो. वहीत मी प्रत्येकाला चौदा घरांत मावेल असं मराठी नाव दिलं. ताई, दादा, 'प्रेस', 'मुखपृष्ठ', आणि लेखकांची आडनावं. चौदा घरांपलीकडे कात्री कुठे बसेल याचा भरवसा नसतो. एका लांब आडनावाचा शेवट हलन्तावर तुटून पाय मोडक्या अक्षराने झाला होता, आणि लोकांची नावं अशी तुटलेली मला बघवत नाहीत.

काही मेलचा विषय सुरुवातीला प्रश्नचिन्हांची माळ होऊन यायचा. नियमाप्रमाणे विषयातली देवनागरी एका ठरावीक सांकेतिक रूपात बांधून पाठवायची असते आणि सोबत ती कोणत्या पद्धतीची आहे ते लिहायचं असतं. काही ठिकाणांहून ती तशीच उघडी येते. 'अझ्यूम्ड कॅरसेट' या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या यंत्रात साठवायची नेहमीची पद्धत) असं लिहिलं की बेनावी मजकूर यूटीएफ-८ समजून वाचला जातो. माळ गेली, विषय दिसले.

धागे, म्हणजे एका मेलची उत्तरं त्याच्याखाली फांद्यांसारखी लावणं, मला लगेच आवडलं. उत्तराचा विषय मूळ विषयासारखाच असेल तर तो पुन्हा न लिहिता नुसती फांदी दिसते, त्यामुळे एकच विषय सात वेळा वाचावा लागत नाही. अडचण एवढीच की लेखक नवीन कथा पाठवताना गेल्या वर्षीच्या मेललाच उत्तर म्हणून पाठवतात, आणि नवी कथा जुन्या फांदीवर जाऊन लटकते. अशा मेलवर उभं राहून '#' दाबलं की तो फांदीवरून सुटून स्वतंत्र होतो. आता हे माझ्या हाताला इतकं बसलंय की विचार करावा लागत नाही.

पाठवलेल्या मेलच्या कप्प्यात प्रत्येक ओळीत माझंच नाव दिसण्यात अर्थ नाही. त्या कप्प्यात कोणाला पाठवलं ते दिसावं म्हणून वेगळं वाक्य ठेवलं. कप्प्यानुसार असं बदलताना एक ओळ 'बाकी सगळ्या कप्प्यांसाठी' अशी सगळ्यांत वर लिहावी लागते, नाहीतर पाठवलेल्या कप्प्यातून परत आल्यावरही तेच रूप चिकटून राहतं.

आणि शेवटी रंग. खरं तर मी सगळं केलं ते याच्यासाठीच. नीओमटमध्ये मेल कोणता, हे छोट्या छोट्या अटी जोडून सांगता येतं, आणि त्या अटीत बसणाऱ्या ओळीला रंग देता येतो. माझी अट अशी: थेट मला आलेला, उत्तर न दिलेला, आणि तीन दिवसांपेक्षा जुना. या तिन्हीत बसेल ती ओळ हळदीच्या रंगाची. मेल वाचलाय की नाही, याचा तिथे संबंधच नाही. वाचून झाल्यावरच तर मी विसरले होते. नव्या मेलना पांढरा, उत्तर दिलेल्यांना राखाडी. माझ्या फाइलमध्ये खाली लिहिलेली रंगाची ओळ वरचीवर मात करते, म्हणून हळदीची ओळ सगळ्यांत खाली ठेवली. सुरुवातीला ती वर होती आणि नव्या मेलचा पांढरा रंग तिला झाकून टाकत होता.

पहिल्यांदा हा रंग चढला तेव्हा पडद्यावर एकदम सतरा ओळी पिवळ्या झाल्या. माझ्या घशाशी आलं. त्यातल्या काहींना मी फोनवर बोलून उत्तर दिलेलं होतं, ते यंत्राला कुठून कळणार? त्यासाठी त्या मेलवर उभं राहून डब्ल्यू आणि मग आर दाबलं की उत्तर दिल्याची खूण लागते, 'उ' येतो आणि ओळ राखाडी होते. तरीही नऊ जण उरले. सगळ्या दुपारभर मी त्या नऊ जणांना लिहीत बसले. एका ज्येष्ठ कवींनी रात्री परत लिहिलं की कविता परत न घेता थांबलो याचं समाधान वाटतं.

आता ही अट एका कळीवर बसवली आहे. सकाळी चहा घेऊन बसते, ती कळ दाबते, आणि यादीत फक्त पिवळ्या ओळी उरतात. यंदा आषाढात सुरुवात केली तेव्हापासून त्या सहाच्या वर गेलेल्या नाहीत. आज सकाळी दोन होत्या. एक प्रेसची, कागदाच्या दराबद्दल, ती संपादकांकडे पाठवली. दुसरी अशी होती: 'उ'चं घर रिकामं, पुढे '+', फाइल एक, चार दिवसांपूर्वीची रात्रीची वेळ, आणि गेल्या श्रावणात जिने फोन केला होता तिचं आडनाव. नवी कथा आहे. मी आत्ताच वाचून संपवली आणि तिला लिहायला घेतलंय.